जीप खरवडून झाली, ट्रकला तरी हात लावू नका: स्मारक समितीला खुलं पत्र

मा. अध्यक्ष साहेब, समितीचे सगळे सदस्य आणि या कामाचं बिल पास करणारे साहेब,

सप्रेम नमस्कार.

गावातल्या गावात पत्र कशाला, घरी येऊन बोलला असतास की, असं तुम्ही म्हणाल. पण बोलून झालंय. आपल्या स्मारकाच्या दोन युद्धकालीन लष्करी गाड्यांपैकी जीपच्या वेळी बोललो तेव्हा "बघू की, गडबड कशाला करतोस" असं उत्तर मिळालं आणि त्याच आठवड्यात जीप सँडब्लास्टिंगला, म्हणजे वाळूचा मारा करून सगळा रंग उतरवायला, गेली. आता ट्रकचा नंबर आहे हे मला ठेकेदाराच्या माणसाकडून कळलं, समितीकडून नाही. म्हणून हे सगळ्यांसमोर लिहितोय, आणि बेळगाव, खानापूर, निपाणी, चंदगड भागातल्या बाकीच्या लोकांनीही वाचावं असं वाटतं, कारण कुणाच्या वेशीवर, कुणाच्या शाळेच्या मैदानात अशा जुन्या लष्करी गाड्या उभ्या असतील आणि १५ ऑगस्ट, २६ जानेवारी जवळ आली की त्यांनाही असाच रंग फासला जात असेल.

मी कोण ते गावाला माहीत आहे, बाहेरच्यांसाठी सांगतो. उद्यमबागेत माझं डेंटिंग-पेंटिंगचं गॅरेज आहे. ठोकलेली दारं, बंपर, इन्शुरन्सची कामं हे पोटासाठी, आणि वेळ मिळेल तसा जुन्या जीपा करतो, विलीज, फोर्ड, नंतरच्या महिंद्रा, एखादी जोंगा. माझे आजोबा दुसऱ्या महायुद्धात मराठा पलटणीत ड्रायव्हर होते आणि इटलीत होते. आमच्या भागात हे काही नवल नाही. मराठा लाईट इन्फंट्रीचं सेंटर बेळगावात, त्यामुळे घराघरात कुणी ना कुणी फौजेत. इटलीत १० जुलै १९४४ ला नाईक यशवंत घाडगे आणि ९ एप्रिल १९४५ ला सेनियो नदीवर शिपाई नामदेव जाधव, या दोन मराठ्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, एक पाचव्या मराठा रेजिमेंटच्या तिसऱ्या पलटणीचा आणि एक पहिल्या पलटणीचा. आजोबा त्याच काळात तिथल्या डोंगरातल्या चिखलात गाडी चालवत होते. ते आम्हाला गाडीबद्दल खूप सांगायचे, गाडीचा रंग वाळलेल्या तंबाखूच्या पानासारखा होता असं सांगायचे, आणि लहानपणी आम्हाला ते खरं वाटायचं नाही कारण मिल्ट्रीची गाडी म्हणजे हिरवीच असते अशी आमची समजूत. पुढं या धंद्यात आल्यावर कळलं की ते बरोबर सांगत होते. १९४२ ते १९४४ ब्रिटिश फौजेच्या गाड्यांचा मूळ रंगच तपकिरी होता, एससीसी २ असं त्याचं नाव, कारण हिरव्या रंगाला लागणारं क्रोमियम ऑक्साईड युद्धात कमी पडत होतं. मग एप्रिल १९४४ ला एससीसी १५ म्हणून ऑलिव्ह ड्रॅब, म्हणजे मळकट हिरवा, आला, तोही अमेरिकेतून येणाऱ्या गाड्या परत रंगवायला लागू नयेत म्हणून. म्हणजे कुठल्या साली कुठला रंग, यामागं कारणं आहेत, हुकूम आहेत, तारखा आहेत. ही काही हौसेची गोष्ट नव्हे.

आता तक्रारी सांगतो. कुणावर राग काढायला नाही, समितीत माजी सैनिक आहेत, सुभेदार साहेबांसारखी माणसं आहेत ज्यांच्यासमोर मी आजही उभा राहून बोलतो. पण जे झालं ते चुकीचं झालं.

पहिली आणि सगळ्यात मोठी तक्रार जीपच्या सँडब्लास्टिंगची. जीप जायच्या आधी मी तिच्या मागच्या बाजूला स्पेअर व्हीलच्या ब्रॅकेटपाशी बघितलं होतं. तिथला एक बोल्ट ढिला होऊन ब्रॅकेट सरकलं होतं आणि त्याखाली रंगाचा टवका उडाला होता. मोबाईलचा टॉर्च मारला तर टवक्याच्या कडेला थर दिसत होते. सगळ्यात वर चंदेरी, त्याखाली निळा, मग चकचकीत गडद हिरवा, मग ब्रशनं जाड मारलेला एक हिरवा ज्यात ब्रशचे केस अडकलेले दिसत होते, त्याखाली फिकट मातकट रंग, आणि पत्र्याच्या जवळ तपकिरीकडं झुकणारा ऑलिव्ह. चंदेरी आणि निळा हे फौजेनं डिस्पोजलमधून, म्हणजे जुन्या सामानाच्या लिलावात, विकल्यावरच्या मालकांचे, ते कुणीही सांगेल. खालचा ऑलिव्ह फॅक्टरीचा. पण मधला तो फिकट मातकट थर बघून मी तिथंच बसलो. कारण १९४३ पासून भूमध्य समुद्राकडच्या आणि इटलीतल्या ब्रिटिश फौजेला गाड्या लाइट मड म्हणजे फिकट मातीच्या रंगात आणि त्यावर काळे मोठे पट्टे अशा रंगवायचा हुकूम होता, आणि ब्रह्मदेशाच्या जंगलातल्या गाड्या मात्र गडद जंगल ग्रीन. ही जीप इटलीत होती असं मी छातीठोकपणे म्हणत नाही, एका टवक्यावरून कुणी म्हणू नये, नंतरच्या कुणा मालकानं तसा रंग मारला असेल हेही शक्य होतं. पण तपासता आलं असतं. अजून चार-पाच ठिकाणी, डॅशबोर्डवरच्या पितळी पट्टीखाली, ग्लोव्ह बॉक्सच्या आत, गिअरबॉक्सवरच्या झाकणाच्या खालच्या बाजूला, कुदळ-फावड्याच्या क्लॅम्पखाली तोच थर त्याच क्रमानं मिळाला असता आणि त्यावर काळ्याचा एखादा पट्टा सापडला असता, तर आपल्या गावच्या वेशीवरची जीप कुठल्या आघाडीवर होती हे आपल्याला कळलं असतं. ज्या गावातली माणसं इटलीत गेली त्या गावात उभी असलेली जीप! आता ते कधीच कळणार नाही. नागडा पत्रा करून आणलाय तुम्ही, त्यावर विचारायला काही उरलेलं नाही. माझ्याकडं त्या टवक्याचा एक फोटो आहे, बास.

मला सांगा, कुणाच्या आजोबांचं सर्व्हिस बुक गंजलेल्या पेटीत सापडलं तर पानं कोरी करून वर नवीन कव्हर कुणी घालेल का? गाडीवरचे थर हेच तिचं सर्व्हिस बुक होतं.

दुसरी तक्रार रंगाची. ठेकेदारानं दुकानात जाऊन "मिल्ट्री ग्रीन" मागितला आणि दुकानदारानं जो डबा दिला तो मारला, ब्रशनं दोन हात. तो रंग पोपटी आहे आणि चकाकतो. अमेरिकन जीपचा मूळ ऑलिव्ह ड्रॅब कसा तयार होतो ते मी कुणालाही गॅरेजमध्ये करून दाखवायला तयार आहे. पिवळ्या मातीचा रंग, म्हणजे आपण ज्याला यलो ऑक्साईड म्हणतो तो घ्यायचा आणि त्यात थोडा थोडा काळा टाकत ढवळायचं. हिरवा एक थेंब घालायचा नाही, तरी डब्यातला पिवळा हळूहळू हिरवट दिसायला लागतो आणि अजून काळा घातला की तो मळका, मातीचा, तपकिरी छटेचा ऑलिव्ह होतो. पहिल्यांदा केलं तेव्हा गॅरेजमधली पोरं येऊन बघत उभी राहिली होती. त्या रंगाला जो मातकटपणा आहे तो या मातीतूनच येतो, आणि दुकानातल्या तयार हिरव्यात भडक हिरवा पिगमेंट घातलेला असतो त्यामुळे त्यात कितीही काळा ओतला तरी तो मातकटपणा येत नाही, तो फक्त गडद पोपटी होतो.

आणि नुसता नंबर सांगूनही भागत नाही हे मला मुद्दाम लिहायचंय, कारण मागं मिटिंगमध्ये कुणीतरी इंटरनेटवरून ३४०८७ हा अमेरिकन नंबर काढून दाखवला होता आणि हाच मारा म्हणून सांगितलं होतं. हा नंबर अमेरिकेच्या फेडरल स्टँडर्ड ५९५ मधला. ते स्टँडर्ड १९५६ चं, युद्ध संपलं १९४५ ला. म्हणजे युद्धाच्या वेळी तो नंबरच नव्हता, नंतरच्या लोकांनी जवळपासचा म्हणून जुळवलेला. त्यात पुढच्या आवृत्त्यांमध्ये त्याच नंबराखालची शेड बदललेली आहे, त्यामुळे कुठल्या वर्षाचं शेडकार्ड बघता त्यावर रंग बदलतो. त्या नंबरातला पहिला आकडा चमकेचा असतो, १ म्हणजे चकचकीत, २ म्हणजे अर्धवट चमक, ३ म्हणजे मॅट, एवढं जरी ठेकेदाराला सांगितलं असतं तर जीप आरशासारखी चमकली नसती. ब्रिटिशांचे नंबर वेगळे, बीएस ३८१सी मधले. त्यातला २२४ डीप ब्राँझ ग्रीन हा चकचकीत गडद हिरवा आपल्याकडं दुकानात सहज मिळतो, आपल्या भारतीय मानक आयएस ५ मध्येही तो २२४ नंबरनंच आहे, पण तो ब्रिटिश गाड्यांवर सर्रास आला युद्ध संपल्यानंतर. १९४४ च्या गाडीला तो मारणं चूकच. जुने फोटो बघून ठरवू म्हणाल तर ब्लॅक अँड व्हाईट फोटोत तपकिरी आणि हिरवा सारखेच करडे दिसतात, आणि रंगीत फोटो ऐंशी वर्षांत उडालेले. शेवटी खरा साक्षीदार एकच, गाडीवरचा झाकलेला, ऊन न लागलेला रंग.

तिसरं, नियमाचं कारण. ठेकेदारानं आणि समितीतल्या एकानं मला सांगितलं की ऑलिव्ह ग्रीन मारायला कायद्यानं बंदी आहे म्हणून आम्ही हा भडक हिरवा निवडला. नियम आहे, खरा आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९, नियम १२१, संरक्षण खात्याच्या गाड्या सोडून कुठल्याही मोटार गाडीला ऑलिव्ह ग्रीन रंग द्यायचा नाही. मी स्वतः गिऱ्हाईकांना या नियमामुळे परत पाठवतो, थार घेऊन पोरं येतात, मिल्ट्री कलर मारून द्या म्हणतात, मी नाही म्हणतो. हा नियम सुरक्षेसाठी आहे आणि बेळगावसारख्या गावात, जिथं कॅम्प आहे, सांबऱ्याला एअरफोर्स आहे, तिथं तो पाळलाच पाहिजे. पण आपली जीप चौथऱ्यावर सिमेंटमध्ये बोल्टनं बसवलेली, इंजिन नाही, गिअरबॉक्समध्ये काही नाही, नंबरप्लेट नाही. ती रस्त्यावर येणार कुठून? तिला हा नियम लागू आहे की नाही हे आरटीओला एक पत्र लिहून विचारता येतं आणि लेखी उत्तर फाईलला लावता येतं. ते कुणी विचारलंच नाही. आणि दुसरं म्हणजे ज्या ट्रकवर खाली एससीसी २ चा तपकिरी सापडेल त्या ट्रकला तपकिरी रंग द्यायला कुठला नियम आडवा येतो? नियमाचं नाव पुढं करून चुकीचा रंग मारायचा आणि खरा रंग शोधायचंच टाळायचं, हे मला पटलेलं नाही.

चौथी गोष्ट धुळीची, आणि ही रंगापेक्षा गंभीर आहे. ट्रकचं ब्लास्टिंग शाळेच्या मागच्या मोकळ्या जागेत कॉम्प्रेसर आणून करायचं ठरलंय असं कळलं. त्या काळच्या रंगात शिसं असतं. आता घरगुती रंगात शिशाचं प्रमाण ९० पीपीएमच्या वर चालत नाही असा २०१६ चा केंद्राचा नियम आहे आणि तुम्ही ऐंशी वर्षांपूर्वीचा रंग पोरांच्या श्वासात उडवायला निघालाय. वाळूच्या धुळीनं फुप्फुसाचं काय होतं ते आमच्या उद्यमबागेतल्या फाउंड्रीवाल्यांना विचारा.

बाकी छोट्या गोष्टी. जीपच्या बॉनेटवर पांढरी चांदणी काढली आणि दरवाजाच्या जागी आत्ताच्या फौजेतल्यासारखी चिन्हं, दोन्ही एकाच गाडीवर. टायर पांढऱ्या रंगानं रंगवले. फ्लोअरचं पाणी जायचं भोक पुटीनं बुजवलं, आमच्याकडचा पाऊस माहीत असताना. हे सगळं दुरुस्त करता येईल म्हणून यावर जास्त लिहीत नाही.

आता ट्रक. ट्रक बघितलात का कधी नीट? पुढची काच वरून बाहेर आणि खालून आत अशी उलटी कललेली आहे, ऊन चमकून विमानाला दिसू नये म्हणून. ती कॅनडात तयार झालेल्या शेवरले-फोर्ड ट्रकची खूण आहे, युद्धात कॅनडानं असे चार लाखांच्या वर ट्रक तयार केले आणि आपल्या हिंदी पलटणींकडं ते भरपूर होते. आजोबा ज्या पंधरा हंड्रेडवेट, म्हणजे पाऊण टनाच्या, ट्रकबद्दल सांगायचे तो हाच जातीचा. हे ट्रक कुठल्या साली फॅक्टरीतून निघाले त्यावर खाकी ग्रीन नंबर ३, तपकिरी एससीसी २ किंवा ऑलिव्ह एससीसी १५ यातला कुठलाही असू शकतो. ट्रकवर वरवर बघितलं तर निदान तीन-चार हात रंग आहे आणि केबिनच्या आत, सीटखाली, तर कुणी कधी हात लावलाय असं वाटत नाही. म्हणजे तिथं मूळ रंग अजून शाबूत असणार, फक्त कुणी बघायला पाहिजे.

तपासायला काय लागतं? मशीन लागत नाही. नखाएवढी जागा निवडायची, पाण्याचा पॉलिश पेपर घ्यायचा, आधी ४०० चा, मग ८००, मग १५००, आणि गोल गोल हलक्या हातानं घासायचं. रंग उतरत जातो आणि थर एकाच्या आत एक अशी कडी तयार होतात. ओलं कापड फिरवलं की प्रत्येक थर स्वच्छ दिसतो. ओलं घासल्यामुळे धूळही उडत नाही, तरी हातमोजे आणि मास्क घालायचा. बाजूला पट्टी आणि शेडकार्ड ठेवून दुपारच्या उजेडात, सावलीत फोटो काढायचा. ट्यूबलाइटखाली कधीच नाही, ट्यूबखाली जुळलेला रंग बाहेर उन्हात आणला की वेगळाच दिसतो, हे प्रत्येक पेंटरला माहीत असतं. मग जो थर युद्धाचा वाटतो त्यावर शहरातल्या मोठ्या पेंटच्या दुकानातल्या स्कॅनरनं रीडिंग घ्यायचं आणि ते आकडे कागदावर लिहून ठेवायचे, म्हणजे पुढं वीस वर्षांनी कुणाला परत रंगवायचं झालं तर अंदाजपंचे करावं लागणार नाही. जुन्या तेलाच्या रंगाला अंधारात राहून पिवळेपणा येतो आणि उन्हात राहून तो पांढुरका होतो, म्हणून एकाच जागेवर विश्वास ठेवायचा नाही, चार जागा बघायच्या आणि जुळवायच्या. हे काम मी करतो, मजुरी घेणार नाही. तुमच्यातला एक माणूस आणि एखादे माजी सैनिक साहेब शेजारी बसलेले मला पाहिजेत, म्हणजे नंतर कुणी म्हणायला नको की यानं आपल्या मनानं रंग ठरवला.

मॅट रंग पावसात टिकत नाही, डाग पडतात, असं ठेकेदार म्हणतो. साध्या इनॅमलमध्ये पावडर घालून मॅट केला तर नाहीच टिकत. टू-के पीयूमध्ये, म्हणजे हार्डनर मिसळून मारायच्या पॉलियुरेथेन रंगात, मॅट हार्डनर घालून, खाली चांगला इपॉक्सी प्रायमर मारून गनने मारला तर टिकतो. आणि वर पत्र्याची साधी शेड घाला की, गाडीला कशाला जून ते सप्टेंबर पावसात ठेवायचं? रंग टिकावा म्हणून चुकीचा रंग मारायचा हे उत्तर नव्हे.

माझ्या मागण्या या एवढ्याच:

१. ट्रकचं सँडब्लास्टिंग आणि रंगकाम आजपासून थांबवावं आणि तसं ठेकेदाराला लेखी कळवावं.

२. थर तपासून, फोटो काढून, कागदावर नोंद करून मगच रंग ठरवावा. नोंदीची एक प्रत ग्रामपंचायतीत आणि एक शाळेत ठेवावी.

३. ट्रकच्या केबिनमधला सीटखालचा हातभर भाग कायमचा आहे तसाच ठेवावा, त्यावर फक्त पारदर्शक कोट. पुढच्या लोकांना आपलं बरोबर होतं की चूक हे बघता आलं पाहिजे.

४. नियम १२१ बद्दल आरटीओकडं लेखी विचारणा करावी आणि रंग-चिन्हांबद्दल मराठा सेंटरकडं आणि अहिल्यानगरच्या रणगाडा संग्रहालयाकडं पत्र लिहून मार्गदर्शन मागावं. विनंती करायला पैसे पडत नाहीत.

५. शाळेजवळ कोरडं घासणं, ब्लास्टिंग काहीही नको.

६. जीपचा पोपटी रंग या वर्षी काढा असं मी म्हणत नाही, खर्च झालाय तो झालाय. पण पुढच्या वेळी रंगवताना ती मॅट ऑलिव्ह ड्रॅबमध्ये व्हावी आणि पाण्याचं भोक मात्र लगेच या आठवड्यात मोकळं करावं.

७. दोन्ही गाड्यांसमोर फलक लावावा, कन्नडमध्ये तर हवाच, मराठीतही हवा, कारण या गावातून जे गेले त्यांच्या घरी या दोन्ही भाषा बोलतात. गाडी कुठली, कुठल्या सालची, रंग कशावरून ठरवला आणि काय नक्की कळलं नाही, तेही लिहावं.

या शनिवारी देवळात समितीची मिटिंग आहे असं बोर्डवर लिहिलंय. मी तीन पत्र्याचे पॅनल रंगवून घेऊन येतोय, एक एससीसी २ चा तपकिरी, एक एससीसी १५ चा ऑलिव्ह आणि एक आत्ता जीपला मारलेला. तिन्ही बाहेर उजेडात ट्रकशेजारी धरू आणि जागेवरच एक ठिकाण घासून बघू. मला विषयपत्रिकेवर दहा मिनिटं द्यावीत.

आपला,
गावातलाच एक पेंटर आणि एका मराठा पलटणीच्या ड्रायव्हरचा नातू